व्हिडिओ मधेच थांबवून विचारलं तर?

माझी भाची सहावीत आहे. परवा पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ती अपूर्णांकांच्या बेरजेचा व्हिडिओ बघत बसली होती. २२ मिनिटांचा. शिकवणाऱ्या बाई छान बोलत होत्या, चित्रं सुरेख होती आणि भाचीही मन लावून बघत होती. व्हिडिओ संपला तशी म्हणाली, "मावशी, समजलं सगळं." मी वहीत १/२ + १/३ लिहून दिलं. तिने झटकन उत्तर लिहिलं, २/५.

ती थाप मारत नव्हती. तिला खरोखरच समजल्यासारखं वाटत होतं. कोणी सोपं करून सांगत असलं की ऐकताना सगळं पटत जातं, आणि ते पटणं म्हणजेच येणं असा आपला समज होतो. वर्गात निदान बाई फळ्यापाशी बोलावतात, तिथे हा समज मोडतो. पडद्यासमोर तो मोडणारं कोणी नसतं.

या समजाचं मोजमापही झालेलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाला तो तीन-चार वेळाच वाचायला मिळाला. नंतर तीनदा त्यांनी उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते, की आपल्याला जास्त लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

आठवणं म्हणजे डब्यातली वस्तू नुसती काढून बघणं नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना त्या आठवणीपर्यंतची वाट थोडी आणखी मळते. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती, पाढ्यांपासून पावकी-निमकीपर्यंत. पुस्तक न उघडता म्हणायचा, हेच त्यातलं बळ होतं. पण सगळ्यांबरोबर सुरात म्हणताना न येणारं पोर लपून जातं. आजोबा मधेच "सतरा नव्वे?" विचारायचे, तेव्हा ते लपायचं थांबायचं.

ऑनलाइन धड्यात हे आजोबा आणता येतात. हार्वर्डमध्ये कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राचा २१ मिनिटांचा व्हिडिओ चार तुकड्यांत दाखवला. काही विद्यार्थ्यांना प्रत्येक तुकड्यानंतर दोन मिनिटं छोटे प्रश्न सोडवायला दिले, काहींना तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते वाचायला दिले. मधूनच त्यांना विचारलं जायचं, आत्ता मन कुठे आहे? प्रश्न सोडवणाऱ्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, त्यांनी टिपणंही कितीतरी जास्त काढली. उत्तरं वाचणाऱ्यांना हा फायदा मिळाला नाही. प्रयोग छोटा होता, काही डझन विद्यार्थ्यांचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. तरी धडा बनवणाऱ्या प्रत्येकाने तो समोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

धडा किती लांब असावा, याचाही अभ्यास आहे. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतली, व्हिडिओ पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही मोठा असो, बघण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मी सत्रं ज्याहून छोटी असतात तो, सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. म्हणून आता सगळे सहा मिनिटांचे व्हिडिओ करा म्हणतात. करावेत, पण या आकड्यातून किती वेळ पाहिलं ते कळतं, किती आलं ते नाही. ऑनलाइन धड्यांत मिळणारे गुण, पदकं आणि टाळ्यांचे आवाज यांबद्दलही माझं मत हेच आहे.

सगळी मेहनत खरं तर प्रश्न तयार करण्यात आहे. १/२ + १/३ या प्रश्नाला ३/७, ९/२ असे काहीतरी पर्याय ठेवले तर मूल अंदाजाने सुटतं. २/५ हा पर्याय हवाच, कारण वरच्याची वरच्यात आणि खालच्याची खालच्यात बेरीज ही मुलांची नेहमीची चूक आहे. तो निवडल्यावर नुसती लाल फुली दाखवून भागत नाही. तिथे विचारायला हवं: ताटात अर्धी भाकरी होती, वर आणखी एक तुकडा वाढला, मग आता अर्धीपेक्षा कमी कशी झाली? २/५ अर्ध्याहून लहान आहे, हे मुलाला स्वतःला दिसलं पाहिजे. त्यानंतर समच्छेद शिकवला की तो उपरा वाटत नाही.

यासाठी महागडं ॲनिमेशन लागत नाही. घरात एकच मोबाइल असेल, नेट अडखळत असेल, तर व्हॉट्सॲपवर चार ओळींत आलेला असा एक प्रश्नसुद्धा काम करतो. शिकवण्याआधी विचारला तरी चालतो. उत्तर चुकलं, तरी पुढचं ऐकताना कान टवकारलेले असतात. आणि तोच प्रश्न, आकडे बदलून, काही दिवसांनी परत यायला हवा. बहुतेक धडे नेमके इथेच कमी पडतात, त्याच दिवशी दहा गणितं सोडवून घेतात आणि विषय मिटवतात.

मी भाचीला भाकरीचा प्रश्न विचारला. ती २/५ कडे बराच वेळ बघत राहिली, मग स्वतःच खोडलं. आम्ही व्हिडिओ पुन्हा लावला, पण दर चार मिनिटांनी थांबवत. आठवड्याने स्वयंपाकघरात ती मटार सोलत असताना मी सहज विचारलं, "१/४ आणि १/३?" तिने मटार बाजूला सारले, वही ओढली, एक गोल काढला आणि त्याचे बारा भाग पाडायला घेतले.