तडकलेला मणी आणि बॅटरीतलं सिलिकॉन

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षं काढणीला आलेली असताना अवकाळी पाऊस झाला, की बागायतदार सकाळी उठून आधी घड तपासतो. साखर भरलेला मणी पाणी ओढून फुगतो, सालीला ताण सोसत नाही आणि मणी तडकतो. लिथियम बॅटरीत सिलिकॉनचं घोडं नेमकं इथेच अडलं आहे.

बॅटरी चार्ज होताना लिथियम अॅनोडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकात, शिरतं. सध्या हा अॅनोड बहुतेक ग्राफाइटचा असतो. त्यात कार्बनचे ६ अणू मिळून लिथियमचा एक अणू सांभाळतात. सिलिकॉनचा मात्र एकेक अणू साडेतीनहून जास्त लिथियम सामावून घेतो. म्हणून १ ग्रॅम ग्राफाइटात ३७२ मिलीअँपिअर-तास (साठलेली वीज मोजायचं एकक), तर १ ग्रॅम सिलिकॉनमध्ये सुमारे ३,६०० मावतात. जवळजवळ दहापट! पण तेवढं लिथियम पोटात घेताना सिलिकॉन फुगून चौपटीच्या जवळ जातं, डिस्चार्ज होताना आक्रसतं, आणि थोड्याच फेऱ्यांत त्याचा भुगा होतो.

यावरचा उपाय म्हणजे कण बारीक करणं. तडा पुढे सरकायला ऊर्जा लागते, आणि इवल्याशा कणात ती पुरेशी साठतच नाही. स्फटिकी सिलिकॉनचा कण साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागापेक्षा लहान असेल, तर तो फुगतो पण फुटत नाही.

खरी गुंतागुंत यानंतर सुरू होते. अॅनोडवर इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे बॅटरीत लिथियम वाहून नेणाऱ्या द्रावणाचं, विघटन होऊन दुधावरच्या सायीसारखा पातळ थर धरतो. कण फुगला की ही साय फाटते, उघड्या जागी नवी धरते, आणि दर खेपेला थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. कण जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग जास्त आणि साय धरायला जागाही जास्त.

२०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटाने यावर जी रचना मांडली, ती सटाणा-देवळ्याच्या शेतकऱ्याला सांगताच कळेल, कारण ती डाळिंबाची आहे. प्रत्येक नॅनोकणाभोवती फुगायला मोकळी जागा ठेवून कार्बनचं कवच, आणि असे असंख्य दाणे एकत्र बांधणारी बाहेरची जाड साल. साय त्या सालीवरच धरते, आतले दाणे सुखरूप राहतात. १,००० फेऱ्यांनंतरही ९७ टक्के क्षमता टिकली होती. मला या संशोधनातली सगळ्यात देखणी कल्पना हीच वाटते.

आणि कच्चा माल? घोटीच्या भातगिरण्यांमागे पडणारं तूस! भाताचं रोप जमिनीतून सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) शोषून तुसात अतिसूक्ष्म कणांच्या रूपात साठवतं. मॅग्नेशियमबरोबर सुमारे ६५० अंशांना तापवलं की त्या सिलिकाचं नॅनो-सिलिकॉन होतं. हे २०१३ मध्येच प्रयोगशाळांनी करून दाखवलं. मात्र वीटभट्टीतली राख उचलून भागत नाही. तुसातलं पोटॅशियम तीव्र आचेत सिलिकाचे कण वितळवून एकमेकांना चिकटवतं आणि नॅनोरचना मोडते. म्हणून तूस आधी आम्लाने धुवून, मग बेताच्या आचेवर जाळावं लागतं.