वीजपुरवठा संच, संगणकाचा (क्षमता-निवड)

प्रत्यावर्ती विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणारा संच. बाजारात व बोलण्यात ‘एसएमपीएस’ (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय). क्षमता वॅटमध्ये सांगतात.

उगम : स्विचिंग पद्धतीचा, म्हणजे वीज अतिवेगाने चालू-बंद करून दाब (व्होल्टेज) बदलणारा, संच १९७७ च्या ॲपल २ संगणकासाठी ॲपलचे अभियंता रॉड होल्ट यांनी प्रथम घडवला, असे पुष्कळदा लिहिले जाते. होल्ट यांचे अमेरिकी पेटंट १९७८ चे आहे. तथापि टेलस्टार उपग्रहात (१९६२) ही पद्धत वापरलेली होती आणि अमेरिकी अभियंता रॉबर्ट बॉशर्ट यांचे संच सत्तरीच्या दशकात होल्ट यांच्याआधीच विकले जात होते. उच्च दाब सोसणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्याने ही पद्धत रुळली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ॲपल २ चा संच ३८ वॅटचा होता. आयबीएमचे पीसी (१९८१), एक्सटी व एटी (१९८४) अनुक्रमे ६३.५, १३० व १९२ वॅटचे. सध्याचा एटीएक्स आराखडा, म्हणजे संचाचा आकार व जोडण्या ठरवणारे मानक, इंटेलचा (१९९५).

क्षमता : आजचा प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड बहुतेक वीज १२ व्होल्टवरून घेतात. त्यामुळे खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा लेबलातील १२ व्होल्टचा रकाना पाहावा. तेथे १६ अँपिअर असतील तर मिळतात १९२ वॅट (१२ × १६), वर ४५० छापलेले असले तरी. प्रोसेसर व कार्डाच्या कमाल मागणीत इतर भागांसाठी पन्नासेक वॅट मिळवून बेरजेवर तिसरा हिस्सा राखीव ठेवतात. सेतू केंद्रातील वा झेरॉक्सच्या दुकानातील ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला चांगल्या प्रतीचे ३०० वॅट पुरतात. आरटीएक्स ४०६० या ११५ वॅटच्या ग्राफिक्स कार्डासाठी मात्र निर्माती एनव्हिडिया ५५० वॅटचा संच सुचवते. निकृष्ट संच गृहीत धरल्यामुळे हा आकडा फुगतो, असे जाणकार मानतात.

ग्रामीण विदर्भातील विशेष : ‘लाईन डीम’ (विजेचा दाब कमी) राहते म्हणून जास्त वॅटचा संच घेण्याची प्रथा निराधार आहे. दाब उतरला की संच तेवढ्याच कामाला जास्त प्रवाह ओढतो. तेथे १०० ते २४० व्होल्ट स्वीकारणारा संच उपयोगी, वॅट नव्हे. राखीव क्षमतेचा खरा लाभ लाईन जाताना दिसतो. यूपीएस भार घेईपर्यंतचे काही मिलिसेकंद संच आपल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) साठलेल्या विजेवर काढतो. एटीएक्सच्या ३.० आवृत्तीत (२०२२) ही मुदत ८० टक्के भाराला १७, पूर्ण भाराला १२ मिलिसेकंद आहे. भार हलका तशी ती वाढते. यूपीएसची मर्यादा वेगळी मोजावी : ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि लेझर प्रिंटर त्याला कधीच जोडू नये.

पूर्ण क्षमता काही उत्पादक ४० अंश सेल्सिअसपर्यंतच देतात, काही ५० पर्यंत. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि टिनाखालच्या खोलीत कॅबिनेटच्या आत त्याहून वर. तेव्हा ४० अंशांच्या संचाचे छापील वॅट पूर्ण धरू नयेत. जिनिंगजवळच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याजवळच्या) गावांत कापसाचे तंतू संचाच्या पंख्याच्या जाळीवर बसतात, त्याने हवा अडून संच आणखी तापतो.