डेस्कटॉप काढून क्लाउडवर जायचं का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. तेव्हापासून आम्हाला बहुतेक फोनवर एकच गोष्ट विचारली जाते: "मशीन बदलायचीच आहेत, तर नवे सीपीयू घेण्यापेक्षा सगळं क्लाउडवरच का नेऊ नये?" प्रश्न रास्त आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची एक सोय) लागतं आणि ठरावीक पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. त्यामुळे कसलीही तक्रार नसलेली बरीच मशीन केवळ या अटींमुळे बाद ठरली आहेत.

आम्ही डेस्कटॉपही देतो आणि क्लाउडची (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, नेटवरून काम करण्याची) खातीही लावून देतो, त्यामुळे तुम्हाला एका बाजूला ओढून आमचं काही साधत नाही. (दुरुस्तीची कामं घटली तर आमचा थोडा तोटा आहे, तेवढं हे पत्रक वाचताना ध्यानात ठेवा.) आमचं मत असं: ऑफिसातलं बरंचसं काम क्लाउडवर जाऊ शकतं, आणि अनेकांचं न कळत गेलेलंही आहे. पण तुमचा डेस्कटॉप हटेल की नाही, हे ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा त्याच्या मागे कोणत्या तारा लागल्या आहेत आणि नेटवरून उत्तर यायला किती वेळ लागतो, यावर ठरतं. जाहिरातीत या दोन गोष्टी सहसा नसतात.

एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू

"क्लाउड ऑपरेटिंग सिस्टीम" म्हणून जे विकलं जातं त्यात दोन प्रकार आहेत. त्यांची गल्लत झाली की पैसे चुकीच्या जागी जातात.

पहिला प्रकार क्रोमओएसचा. गूगलने ते २००९ मध्ये जाहीर केलं आणि २०११ च्या जूनमध्ये त्यावर चालणारे क्रोमबुक लॅपटॉप विक्रीला आले. यात ऑपरेटिंग सिस्टीम तुमच्याच यंत्रावर असते, फक्त ती अंगाने हलकी असते. ब्राउझर उघडतो आणि मेल, तक्ते, हिशेब सगळं संकेतस्थळांवर चालतं. म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी तुमचीच वापरली जाते, फायली मात्र प्रामुख्याने दूर राहतात.

दुसऱ्या प्रकारात अख्खं विंडोज दूरच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे कंपनीच्या संगणकांनी भरलेल्या इमारतीत चालतं आणि तुमच्याकडे येतं ते फक्त त्याचं चित्र. तुम्ही कळ दाबता, ती तिकडे जाते, तिकडचा स्क्रीन बदलतो, बदललेलं चित्र परत येतं. अॅमेझॉन वर्कस्पेसेस २०१४ पासून हेच देतं, मायक्रोसॉफ्टचं विंडोज ३६५ ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ३६५ लिंक नावाचा एक छोटा डबा जाहीर केला. त्यात ना तुमचे प्रोग्रॅम बसतात, ना फायली राहतात. तो फक्त क्लाउडमधल्या पीसीला जोडून देतो.

ही कल्पना जुनी आहे. एमआयटीमध्ये १९६१ मध्येच एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी यंत्रणा चालवून दाखवली होती आणि त्यानंतर कित्येक वर्षं लोक टर्मिनलवरच (मोठ्या संगणकाला जोडलेल्या नुसत्या कीबोर्ड-पडद्यावर) काम करत. १९८१ च्या आयबीएम पीसीनंतर संगणक ऑफिसाऑफिसात टेबलावर आला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ओरॅकल आणि सन यांनी "नेटवर्क कॉम्प्युटर" म्हणून त्याला परत दूर न्यायचा प्रयत्न केला; तो फसला, कारण नेट संथ होतं आणि पीसी स्वस्त होत चालले होते. आज नेट सुधारलं आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लागणारे बरेच प्रोग्रॅम आता ब्राउझरमध्येच मिळतात. त्यामुळे या खेपेला प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. तरी एक नोंद करायला हवी. "सगळं ब्राउझरमध्ये" म्हणत निघालेल्या क्रोमओएसलाच २०१६ मध्ये अँड्रॉइडची अॅप आणि २०१८ मध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम यंत्रावर चालवायची सोय द्यावी लागली.

फायदा कुठे दिसतो

मशीन जळालं, हरवलं, चोरीला गेलं, तरी दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून काम पुढे चालू. हा फायदा खराखुरा आहे, आणि हार्ड डिस्क बसल्यावर "काहीतरी करा, सगळं त्यातच आहे" असं ज्यांना म्हणावं लागलं आहे त्यांना तो समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा फायदा एका जागेवरून दुरुस्ती करण्याचा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. उपाय तसा सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण असंख्य ठिकाणी त्यासाठी एकेका मशीनपुढे माणूस बसवावा लागला, आणि डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूप लावून बंद) केलेली असेल तर तिची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडणारा लांबलचक क्रमांक, शोधण्यात वेळ गेला तो वेगळाच. क्लाउडमधली विंडोज मशीनही त्या दिवशी पडली, पण ती आदल्या स्थितीत परत नेणं एका खुर्चीवर बसून करता येत होतं.

उशीर कुठून येतो

"आमचं नेट फास्ट आहे" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. फास्ट म्हणजे एका सेकंदात किती डेटा येतो ते. दूरचं विंडोज वापरताना त्याहून जास्त जाणवतं ते कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचं अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. डेटा सेंटर १००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्याला १० मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षातली केबल सरळ रेषेत नसते, वाटेत राउटर असतात, तिकडे चित्र दाबून पाठवलं जातं, इकडे ते उलगडलं जातं, आणि तुमचं वायफाय भरलेलं असेल तर त्याची भर वेगळी. एकूण उशीर सुमारे १०० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर टायपिंग करताना बहुतेकांना तो टोचत नाही. २०० च्या पुढे गेला की अक्षरं बोटांच्या मागून यायला लागतात, माणूस चुकतो, खोडायला जातो आणि दोन अक्षरं जास्तीची खोडतो. माउसने एखादी वस्तू ओढताना तर हे आणखी लवकर जाणवतं.

मोठा प्लॅन घेऊन हा उशीर जात नाही. म्हणून प्लॅन वाढवण्याआधी उशीर मोजा. सेवा देणारी कंपनी कोणत्या प्रदेशात तुमचं मशीन ठेवणार आहे ते विचारा, तिथल्या सर्व्हरपर्यंतचा पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी पाहा. सरासरीपेक्षा चढउताराकडे लक्ष द्या. कायम ६० मिलिसेकंद असलेलं नेट चालतं. २० आणि ३०० च्या मध्ये उड्या मारणारं नेट डोकं उठवतं.

वेगाचा हिशेब त्या मानाने सोपा. साध्या नोंदी भरण्याच्या कामाला माणशी १.५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), नेहमीच्या ऑफिस कामाला ३, जड कामाला ५ आणि व्हिडिओ किंवा त्रिमितीय कामाला १५, असा मायक्रोसॉफ्टचा ठोकताळा आहे. एका वेळी किती जण बसतात त्याने गुणा, वर थोडी मोकळीक ठेवा.

मशीनच्या मागे काय काय लावलेलं आहे?

आमच्या अनुभवात बेत फिसकटतो तो बहुधा इथे.

प्रिंट काढणं हे उदाहरण घ्या. डेस्कटॉपवर बिल तयार होतं आणि केबलने प्रिंटरमध्ये जातं. दूरच्या विंडोजमध्ये तेच बिल तिकडे छपाईच्या भाषेत बदलतं, नेटवरून तुमच्या यंत्रावर येतं आणि मग प्रिंटरकडे जातं. साध्या लेझर प्रिंटरवर ए४ कागद असेल तर सहसा काही अडत नाही. पण लेबल प्रिंटर असेल तर तिकडचा सर्वसाधारण ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) लेबलचा आकार ओळखेलच असं नाही. अर्धा मजकूर एका लेबलवर आणि उरलेला पुढच्यावर येतो. जोडकागदावर छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ओळींची जागा बिनचूक लागते, तिथेही हीच कटकट. पानात मोठं चित्र असेल तर छपाईचा डेटा मूळ फायलीच्या कितीतरी पट फुगतो आणि तुम्ही प्रिंटरजवळ हात बांधून उभे राहता. यावर तोडगे असतात, पण जो तोडगा दुसऱ्याच्या सेवेवर अवलंबून असतो तो त्याच्या मर्जीपर्यंतच. गूगलची क्लाउड प्रिंट ही सोय ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्यांना छपाईची नवी वाट शोधावी लागली.

बारकोड स्कॅनर बहुधा त्रास देत नाही, कारण मशीनच्या दृष्टीने तो कीबोर्डच असतो. डिजिटल सहीचं टोकन, सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा डोंगल (यूएसबीत लावायची किल्ली), बोटांच्या ठशाचं यंत्र, वजनकाटा ही मंडळी मात्र यूएसबीमागे नेमकं कोण आहे याबाबत चोखंदळ असतात. काही चालतात, काही चालल्यासारखी वाटतात आणि ऐन वेळी दिसेनाशी होतात. प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय आम्ही "होईल" म्हणत नाही. देवनागरीत टाइप करत असाल तर इकडे आणि तिकडे एकच कीबोर्ड लेआउट निवडला आहे ना, तेही बघा.

व्हिडिओ कॉलसाठी वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर तुमच्या कॅमेऱ्यातलं चित्र आधी डेटा सेंटरला जातं, तिथून समोरच्याकडे, आणि त्याचं उत्तर त्याच वळशाने परत येतं. अशा वेळी कॉल आपल्या साध्या यंत्रावरून किंवा मोबाइलवरून करा.

नेट गेलं तर

क्रोमओएसवर आधीच ऑफलाइनची सोय चालू करून ठेवली असेल तर कागदपत्रं लिहिता येतात आणि नेट आल्यावर ती जुळवली जातात. आधी, हा शब्द महत्त्वाचा. नेट गेल्यावर ती सोय चालू करता येत नाही. दूरचं विंडोज नेटशिवाय उघडतच नाही. ज्यांना ग्राहक समोर उभा असताना बिल करावं लागतं त्यांनी दुसरं कनेक्शन घ्यावं, आणि ते वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या वाटेने आलेलं असावं. एकाच खांबावरून दोन केबल आल्या तर दोन्ही एकदमच तुटतात.

क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे, असं नाही

१० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत जळून गेली. ज्यांची दुसरी प्रत इतरत्र नव्हती अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पाच लाखांहून अधिक सभासदांच्या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवर चालणारी यंत्रणा एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. त्यांनी दुसऱ्या कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या, त्या सावरताना कामी आल्या. एक प्रत त्याच कंपनीबाहेर हवी. तुमच्या कपाटातली एक्स्टर्नल डिस्कसुद्धा चालेल, फक्त ती दर आठवड्याला खरंच भरली गेली पाहिजे.

शिवाय हे भाड्याचं काम आहे. जुना डेस्कटॉप कुरकुरत का होईना, आणखी दोन वर्षं ओढता येतो. क्लाउड पीसीचं भाडं थांबलं की ती मुभा नाही. विंडोज ३६५ मध्ये लायसन्स काढल्यावर थोड्या दिवसांची सवलत मिळते, नंतर तो पीसी पुसला जातो. म्हणून खात्याचं मुख्य नियंत्रण एकाच माणसाच्या मोबाइलवर ठेवू नका. दोघांकडे ठेवा, दोन्हीकडे दुहेरी पडताळणी लावा.

मग कोणी काय घ्यावं

दिवसभर मेल, तक्ते आणि वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचे अर्ज एवढंच काम असेल तर ब्राउझरवर चालणारं हलकं यंत्र पुरतं. दूरचं विंडोज भाड्याने घेणं म्हणजे नुसता खर्च. जुनी मशीन फेकण्याआधी क्रोमओएस फ्लेक्स जरूर पाहा. ते मोफत आहे, २०२२ पासून उपलब्ध आहे, आणि पेन ड्राइव्हवरून चालू करून हार्ड डिस्कला हात न लावता तपासता येतं. मात्र त्यावर अँड्रॉइडची अॅप चालत नाहीत आणि बोटांच्या ठशाच्या यंत्रासारखं काही हार्डवेअर ते ओळखत नाही.

माणसं बाहेरून काम करतात, हंगामापुरती येतात, किंवा एकाच टेबलावर पाळीपाळीने बसतात, तिथे क्लाउड पीसी शोभतो. एक जुना विंडोज प्रोग्रॅम सुटत नाही म्हणून सगळ्यांना मात्र तो देऊ नका. ज्याला तो प्रोग्रॅम लागतो त्याच्यापुरता घ्या.

व्हिडिओ संकलन, मोठे फोटो, आराखडे काढणं ही कामं टेबलावरच राहू द्या. २० एमबीपीएसच्या अपलोडने १० जीबीची फाइल वर चढायला तासाहून जास्त लागतो, आणि तेवढा वेळ बाकीच्यांचं नेटही अडकतं.

तुम्ही बदलाचा विचार करत असाल तर आमचा माणूस येण्याआधी दोन गोष्टी तयार ठेवा: प्रत्येक मशीनवर रोज उघडल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमची यादी, आणि मशीनच्या मागच्या बाजूचा, सगळ्या तारा दिसतील असा एक फोटो. त्यावरून आम्ही एक मशीन निवडू आणि तेवढंच दोन आठवडे क्लाउडवर चालवू. त्या दोन आठवड्यांत महिनाअखेर आलीच पाहिजे, आणि त्या मशीनवर बसणारी व्यक्ती तुमच्याकडची सगळ्यात जास्त तक्रार करणारी असावी. जुना डेस्कटॉप तोवर शेजारीच, तारा न काढता ठेवा.