उपकरणांवरचे तारे नाशिकच्या घरात कसे वाचावेत

मार्च महिना लागला की नाशिकमध्ये एसी, फ्रीज आणि पंख्यांच्या दुकानांत गर्दी होऊ लागते, आणि ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा 'हे किती स्टारचे आहे?' असा असतो. प्रश्न योग्य असला तरी अपुरा आहे. त्याच लेबलावर वर्षाला लागणाऱ्या युनिटचा आकडाही छापलेला असतो. माझ्या मते खरेदीचा निर्णय ताऱ्यांपेक्षा त्या आकड्यावरून, आणि आपल्या घरातील वापराचे तास लक्षात घेऊन करावा.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, त्यानुसार १ मार्च २००२ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ मध्ये ताऱ्यांची लेबले सुरू झाली. काही उपकरणांना ती आता सक्तीची आहेत; छताच्या पंख्यांना ही सक्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली.

तारे नेमके काय मोजतात, हे प्रत्येक उपकरणात वेगळे आहे. फ्रीजचे तारे त्याच्या आकारमानाच्या तुलनेत दिले जातात. त्यामुळे पाच तारे असलेला साडेचारशे लिटरचा फ्रीज तीन तारे असलेल्या एकशे नव्वद लिटरच्या साध्या फ्रीजपेक्षा वर्षाला अधिक युनिट खाऊ शकतो, आणि तरीही दोन्ही लेबले खरी असतात, कारण मोठ्या फ्रीजची तुलना मोठ्या फ्रीजशीच झालेली असते. चौघांच्या कुटुंबाला किती लिटर पुरतील हे आधी ठरवून मग त्या आकारातले तारे पाहावेत. फ्रीज वर्षभर अहोरात्र चालू असल्याने त्याच्या लेबलावरचा आकडा प्रत्यक्ष वापराच्या बराच जवळ जातो. अर्थात फ्रीज भिंतीला अगदी चिकटवून ठेवला, तर त्याने बाहेर टाकलेल्या उष्णतेला वाट मिळत नाही आणि हा आकडा वाढतो.

एसीचे गणित याहून वेगळे आहे. एसी उष्णता निर्माण करत नाही, ती खोलीतून उचलून बाहेर नेतो; म्हणूनच एक युनिट वीज खर्चून तो चार-पाच युनिटइतकी उष्णता हलवू शकतो. संपूर्ण हंगामात हलवलेली उष्णता भागिले लागलेली वीज, या गुणोत्तराला आयएसईईआर म्हणतात. भारतीय हवामानासाठी ते २४ ते ४३ अंश सेल्सिअस या बाहेरच्या तापमानांवर आणि वर्षाला १,६०० तास वापर धरून काढले जाते. समजा, दीड टनाच्या दोन एसींवर ७६० आणि ९५० युनिट लिहिले आहेत. फरक १९० युनिटचा. पण नाशिकच्या बहुतेक घरांत एसी मार्चच्या उत्तरार्धापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, तोही मुख्यतः रात्री चालतो. हे तास ६०० धरले तर फरक सुमारे ७० युनिटवर येतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली दिवसभर एसी चालवणाऱ्या घरात तो अर्थातच मोठा असेल.

याउलट पंख्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, आणि मला वाटते की नाशिककरांसाठी खरी बचत तिथेच आहे. पंख्याचे तारे एका वॅटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलली जाते, यावर ठरतात. जुन्या पंख्यातील इंडक्शन मोटर फिरत्या भागातही प्रवाह निर्माण करून चालते आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. बीएलडीसी पंख्यात फिरत्या भागावर कायमस्वरूपी चुंबक असल्याने हा अपव्यय टळतो. परिणामी सुमारे ७५ वॅटचे काम ३० वॅटमध्ये होते. दिवसाला १२ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे ४०५. वरच्या उदाहरणातील एसीच्या बचतीच्या हे जवळजवळ सहापट आहे.

गिझरच्या बाबतीत मात्र ताऱ्यांचा अर्थ समजून घेतलाच पाहिजे. टाकीतले पाणी गरम ठेवताना चोवीस तासांत किती उष्णता बाहेर झिरपते, एवढेच ते तारे सांगतात. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत १५ लिटर पाण्याचे तापमान ४० अंशांनी वाढवायला सुमारे ०.७ युनिट लागणारच, मग लेबलावर तारे कितीही असोत. आंघोळीपुरता गिझर लावून लगेच बंद करणाऱ्या घरात जादा ताऱ्याने फारसा फरक पडत नाही; दिवसभर तो चालू ठेवणाऱ्या घरात पडतो.

लेबलावर त्याचा वैधता कालावधीही लिहिलेला असतो आणि तो जरूर वाचावा, कारण निकष वेळोवेळी कडक होतात. २०१८ मध्ये स्प्लिट एसीला ४.५ आयएसईईआरवर पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून त्यासाठी ५.० लागू लागले. म्हणजे ४.६ चा पंचतारांकित एसी त्या दिवसापासून चार ताऱ्यांच्या गटात गेला. दुकानात सवलतीत विकला जाणारा जुना माल पाहताना हे विशेष लक्षात ठेवावे.

वाचलेल्या युनिटची किंमत काढताना बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर धरला जातो, तो येथे कमी पडतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात: पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी, मग ३०० पर्यंतचा, मग ५०० पर्यंतचा. महिन्याला ३३० युनिट वापरणाऱ्या घरात ४० युनिट कमी झाले, तर त्यातली पहिली ३० युनिट तिसऱ्या, महागड्या टप्प्यातून वजा होतात आणि उरलेली १० दुसऱ्या टप्प्यातून. त्यामुळे नव्या पंख्याची किंमत वसूल व्हायला सरासरी दरावरून वाटते त्यापेक्षा कमी काळ लागतो.