लाओसची बॅटरी चार्ज कधी होते?

कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेत जायचं. आपण ते बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवलं, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली पोफळीला आणलं, वीज काढून घेतली आणि वाशिष्ठीत सोडून दिलं. लाओसमधल्या नाम थेउन-२ प्रकल्पाची तऱ्हा हीच. नाम थेउन नदी नाकाई पठारावर अडवायची, पाणी सुमारे ३५० मीटर खाली उतरवायचं आणि झे बांग फाई या दुसऱ्याच नदीत सोडायचं. या उंचीला तांत्रिक भाषेत शीर्ष म्हणतात. सेकंदाला १ घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरलं, तर त्यात जवळजवळ ३.४ मेगावॅट शक्ती असते. २०१०मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता हजार मेगावॅटच्या वर आहे. त्यातली बहुतेक वीज थायलंडला जाते.

समुद्रकिनारा नाही, लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास, पण डोंगर आणि पाऊस भरपूर. अशा देशाने 'आग्नेय आशियाची बॅटरी' व्हायचं ठरवलं, यात चूक काही नव्हती. नाव मात्र फसवं आहे. बॅटरी साठवलेली वीज हवी तेव्हा देते. इथल्या बऱ्याच धरणांत पाणी साठवायला फारशी जागाच नाही, त्यामुळे नदी वाहील तशी वीज. पावसाळ्यात ती उतू जाते आणि कोरड्या महिन्यांत लाओसलाच थायलंडकडून वीज विकत घ्यावी लागते. तीही महाग!

खरी मेख पैशात आहे. धरणं बांधली कर्जावर, आणि कर्ज फेडायचं डॉलरमध्ये. घरगुती ग्राहक बिल भरतो ते लाओसच्या चलनात, किपमध्ये. २०२१च्या मध्यात डॉलरला साडेनऊ हजारांच्या आसपास किप पडत. २०२३ संपता संपता वीस हजारांच्या वर. म्हणजे कर्ज एका पैशानेही न वाढता किपमध्ये दुप्पट झालं. २०२३च्या फेब्रुवारीत महागाई ४० टक्क्यांवर होती. २०२१च्या डिसेंबरात चीनहून राजधानी व्हिएन्तियानपर्यंत रेल्वे आली, तीही मुख्यतः चिनी पैशावर. तिचे रूळ रुंद, थायलंडचे मीटरगेज. माल सरहद्दीवर उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

आणि पायाखालची जमीन? १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांतले क्लस्टर बॉम्ब हवेतच उघडतात आणि टेनिसच्या चेंडूएवढ्या शेकडो स्फोटक गोळ्या विखुरतात. लाओसमध्ये त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. अशा सुमारे २७ कोटी गोळ्या पडल्या आणि त्यांतल्या अंदाजे ३० टक्के फुटल्याच नाहीत. आता हिशेब करा. शाळेचा पाया खणायचा, विजेचा खांब रोवायचा, भाताचं नवं खाचर काढायचं, तर आधी धातुशोधक घेऊन माणसं इंच इंच जमीन तपासणार. हा खर्च शेजारच्या थायलंडमध्ये बहुतेक ठिकाणी करावा लागत नाही.

शियांग ख्वांग प्रांतात बान नाफिया नावाचं गाव आहे. तिथे युद्धातल्या भंगाराचं ॲल्युमिनियम मातीच्या भट्टीत वितळवतात आणि साच्यात ओतून चमचे करतात. साचा उघडला की चमचा बाहेर, कडा घासल्या की झाला तयार. हातात घ्याल तर वजन जाणवतही नाही.