‘न गमावलेले’ राष्ट्रीयत्व: अमेरिकेतील मेक्सिकन स्थलांतरितांच्या दुहेरी जगण्यामागचा इतिहास

अमेरिकेत मेक्सिकन वंशाचे सुमारे ३ कोटी ७० लाख लोक राहतात आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक लोकांचा जन्म मेक्सिकोत झालेला आहे. त्यांच्या दोन संस्कृतींमधल्या जगण्याविषयी लिहिताना बोली, सणवार आणि मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा यांवरच सहसा भर दिला जातो. घरातल्या या गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु दोन्हीकडे एकेक पाय ठेवून उभे राहणे एखाद्या कुटुंबाला कितपत परवडते, हे दीर्घकाळ कागदपत्रांनीच ठरवले आहे. त्यातही १९९६ च्या अखेरीस मेक्सिकोच्या संसदेने संमत केलेल्या एका घटनादुरुस्तीचा वाटा फार मोठा आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोचा जवळपास निम्मा भूभाग अमेरिकेकडे गेला. तिथे राहणाऱ्या मेक्सिकनांना आपले राष्ट्रीयत्व राखायचे असल्यास तसे जाहीर करण्यासाठी एक वर्षाची मुदत मिळाली आणि जे गप्प राहिले ते अमेरिकन धरले गेले. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडले’ ही तिथल्या मेक्सिकन वस्त्यांमधली प्रसिद्ध उक्ती या तहाकडे बोट दाखवते. १९१० च्या क्रांतीच्या धामधुमीत लाखो माणसे उत्तरेकडे गेली आणि १९२९ च्या मंदीनंतर त्यांतल्या लाखोंना परत धाडण्यात आले. परत पाठवलेल्यांमध्ये अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने अमेरिकन असलेली मुलेही मोठ्या संख्येने होती. कॅलिफोर्निया राज्याने याबद्दल कायदा करून माफी मागितली ती २००५ मध्ये. पुढे १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ करारांखाली शेतमजूर नेण्यात आले. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे हात, आणि करारातही हातांचाच विचार होता. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली जाई आणि ती मेक्सिकोत परतल्यावर मिळायची होती. अनेकांना ती कधीच मिळाली नाही. परत जाणाऱ्याशीच व्यवहार करायचा, ही दोन्ही सरकारांची समजूत त्या कपातीत स्पष्ट दिसते.

जे परतले नाहीत त्यांच्यासाठी मेक्सिकोत एक शब्द रूढ झाला, ‘पोचो’. ज्याचे स्पॅनिश अडखळते, ज्याच्या बोलण्यात इंग्रजी क्रियापदांना स्पॅनिश प्रत्यय लागतात आणि जो सुट्टीत आजोळी आल्यावर प्रत्येक वस्तूची किंमत डॉलरमध्ये मोजतो, तो पोचो. नासक्या किंवा रंग उडालेल्या वस्तूसाठीही हाच शब्द वापरतात, यावरून त्यातला तिरस्कार कळावा. अमेरिकेच्या बाजूने चित्र याच्या उलट होते. तिथल्या कित्येक शाळांमध्ये स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. १९६८ च्या मार्च महिन्यात पूर्व लॉस एंजेलिसमधले हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले, त्यामागे ही जुनी ठसठस होती.

त्यानंतरच्या काही वर्षांत तिथल्या कलावंतांनी मृतांच्या दिवसाचा उत्सव सार्वजनिक केला. यातली गंमत अशी की, उत्तर मेक्सिकोतून आलेल्या अनेक कुटुंबांमध्ये मृतांसाठी सजवलेली वेदी मांडण्याची प्रथा फारशी नव्हती. ती मध्य आणि दक्षिण मेक्सिकोतल्या आदिवासी गावांची परंपरा होती आणि या तरुणांनी ती जाणीवपूर्वक आपलीशी केली. (त्या वेदीवरचे सेंपासुचिल म्हणजे आपला झेंडू, दसऱ्याच्या तोरणातले हे फूल मुळात मेक्सिकोचे.) ५ मे हा पुएब्ला येथे मेक्सिकन सैन्याने फ्रेंचांना हरवले त्या १८६२ च्या लढाईचा दिवसही मेक्सिकोपेक्षा अमेरिकेतच अधिक जोरात साजरा होतो. तेव्हा स्थलांतरितांनी मूळ देशाची संस्कृती नुसती जपली असे म्हणणे अपुरे ठरते. तिचा काही भाग त्यांनी परदेशातच उभा केला.

आता मुख्य मुद्दा. १९९८ पूर्वी मेक्सिकोची राज्यघटना सांगत होती की, जो स्वेच्छेने परकीय राष्ट्रीयत्व स्वीकारेल त्याचे मेक्सिकन राष्ट्रीयत्व संपेल. याचा अर्थ भावनिक होताच, पण त्याहून अधिक तो जमिनीचा होता. सीमेपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर पट्ट्यात परकीय व्यक्तीला जमिनीची थेट मालकी घेता येत नाही. मिचोआकान किंवा सोनोरामधल्या किनारी गावात वडिलांचे घर असलेल्या माणसाने अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली, तर त्या घराच्या वारशाचा प्रश्न उभा राही. अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य असूनही मेक्सिकन लोक वर्षानुवर्षे नागरिकत्व घेत नसत, याला ‘एक दिवस परत जाऊ’ ही आशा कारण होतीच. परंतु या भीतीचे कारणही तितकेच खरे होते. १९८६ च्या अमेरिकी कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला आणि त्यांत बहुसंख्य मेक्सिकन होते. पुढे १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कागदपत्रे नसलेल्यांना सरकारी शाळा आणि बहुतेक आरोग्यसेवा नाकारणारा प्रस्ताव मंजूर केला. न्यायालयाने तो रोखला, तरी आपल्याविषयीचे मत आपल्या गैरहजेरीत ठरते, हे हजारो कुटुंबांना त्यातून उमगले.

१९९५ च्या मेक्सिकन राष्ट्रीय विकास आराखड्यात मेक्सिकन राष्ट्र हे देशाच्या सीमांत मावणाऱ्या भूभागाहून मोठे आहे, असे वाक्य आले आणि पाठोपाठ घटनादुरुस्ती आली. ती २० मार्च १९९८ पासून अमलात आली. तिच्यानुसार जन्माने मेक्सिकन असलेल्या कोणाचेही राष्ट्रीयत्व काढून घेता येत नाही. वृत्तपत्रांनी आणि स्थलांतरितांनी तिला ताबडतोब ‘दुहेरी राष्ट्रीयत्व’ म्हटले, काहींनी तर ‘दुहेरी नागरिकत्व’ असेही म्हटले. सरकारी भाषा मात्र ‘राष्ट्रीयत्व न गमावणे’ अशी नकारात्मक आणि जपून बेतलेली होती. ‘दुहेरी राष्ट्रीयत्व’ हे शब्द घटनेच्या कलम ३२ मध्ये येतात, पण त्यातून उद्भवणारे संघर्ष टाळण्यासाठी कायद्याने नियम करावेत, हे सांगण्यासाठी. त्याच कलमाने काही पदे दुसरे राष्ट्रीयत्व नसलेल्यांसाठी राखून ठेवली. म्हणजे ज्या गोष्टीचे स्थलांतरितांनी देणगी म्हणून स्वागत केले, तिचे नाव घेताना देणाऱ्याने तिला अडचणींच्या रकान्यात टाकले होते.

हा शब्दांचा कीस वाटू शकतो, पण मेक्सिकन कायद्यात राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीयत्व जन्माबरोबर येते. नागरिकत्व म्हणजे अठराव्या वर्षी मिळणारे राजकीय हक्क. घर विकत घेणे, वारसा मिळवणे, मुलांना नावनिशीवार नोंदवणे हे पहिल्यात मोडते आणि मतदान दुसऱ्यात. १९९८ मध्ये परदेशातल्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात पडले ते पहिले. भारतीय वाचकाला यात ओळखीची खूण दिसेल: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना २००५ पासून मिळणाऱ्या ओसीआय कार्डालाही आपली वृत्तपत्रे दुहेरी नागरिकत्व म्हणत राहिली, वास्तविक त्यात ना राष्ट्रीयत्व आहे ना मत. मेक्सिकोने आपल्यापेक्षा एक पायरी अधिक दिली आणि पुढची पायरी हेतुपुरस्सर रोखून धरली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

ती का रोखली, याचे उत्तर राजकारणात आहे. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विरोधी उमेदवाराला कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांतून मोठा पाठिंबा दिसला होता आणि दशकानुदशके सत्तेत असलेल्या पक्षाला उत्तरेकडचे मतदार धार्जिणे वाटत नव्हते. परदेशातून मतदान तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांच्या समितीने १९९८ मध्येच दिला. त्यानंतर कनिष्ठ सभागृहाने १९९९ मध्ये विधेयक मंजूरही केले, पण वरिष्ठ सभागृहात ते अडले. विरोधकांचा एक आक्षेप गंभीर होता: जो त्या सरकारचा कर भरत नाही आणि त्याच्या निर्णयांचे परिणाम भोगत नाही, त्याने मत का द्यावे? मात्र त्याच काळात गावाकडच्या रस्त्यांसाठी आणि पाण्याच्या टाक्यांसाठी एकाच गावातून आलेल्या स्थलांतरितांच्या ग्राममंडळांकडून पैसे घेणाऱ्या योजना सरकारच चालवत होते आणि २००२ मध्ये त्यांतली एक देशभर लागू झाली. मंडळाच्या एका पेसोला केंद्र, राज्य आणि नगरपालिका यांनी आपापला एकेक पेसो जोडायचा, अशी ती होती. पैशाच्या बाबतीत परिणाम भोगण्याचा प्रश्न कोणी विचारला नाही.

अखेर कायदा झाला २००५ मध्ये. त्यासाठी मेक्सिकोत काढलेले मतदार ओळखपत्र आणि नोंदणीकृत टपालाने अर्ज, अशा दोन अटी होत्या. ज्यांना कागदपत्रांअभावी सीमा ओलांडून परत येण्याची खात्री नव्हती, त्यांना ओळखपत्र काढायला मायदेशी जाणे शक्यच नव्हते. २००६ च्या निवडणुकीत परदेशातून सुमारे ३३ हजार मते आली. त्याच वसंतात स्थलांतरितविरोधी विधेयकाच्या निषेधार्थ अमेरिकेच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. पहिल्या मोर्च्यांत मेक्सिकन झेंडे दिसताच गहजब झाला, म्हणून पुढच्या मोर्च्यांसाठी आयोजकांनी अमेरिकन झेंडे आणायला सांगितले. ओळखपत्रे दूतावासातून मिळू लागली ती २०१६ पासून आणि २०१८ मध्ये मतांचा आकडा ९८ हजारांवर गेला. कोटींच्या लोकसंख्येत तो नगण्यच आहे. वर्षाला ६ हजार कोटी डॉलरहून अधिक रक्कम मेक्सिकोत पाठवली जाते, त्या तुलनेत तर अधिकच.

१९९८ च्या दुरुस्तीत आणखी एक मर्यादा होती, जिची चर्चा तेव्हा कमी झाली. परदेशात जन्मलेल्या मुलाला राष्ट्रीयत्व मिळण्यासाठी त्याच्या आई किंवा वडिलांचा जन्म मेक्सिकोच्या भूमीवर झालेला असणे, किंवा त्यांनी तिथे अर्जाने राष्ट्रीयत्व घेतलेले असणे आवश्यक होते. साहजिकच बहुतेक घरांत वारसा एका पिढीवर थांबे. मे २०२१ मध्ये ही अट काढण्यात आली. आता शिकागोत जन्मलेल्या आईची शिकागोत जन्मलेली मुलगीही दूतावासात नोंदवता येते. नोंदणीच्या वेळी वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे लिहिली जातात, कारण मेक्सिकन नाव त्याशिवाय पुरे होत नाही. अमेरिकन जन्मदाखल्यावर बहुधा एकच आडनाव असते आणि दोन लिहिली असली, तरी शाळेच्या संगणकात पहिले मधले नाव होऊन बसते. मुलीकडे त्यामुळे दोन दाखले, दोन पासपोर्ट आणि दोन निराळी नावे असतात, आणि ती एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्याचे काम कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी तिच्या आईला करावे लागते.