स्टॅनफर्डची उन्हाळी इंटर्नशिप: निबंधाआधी ग्रीन कार्ड बघा

जानेवारी लागला की कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी घरांतून मला फोन सुरू होतात. मुलगी अकरावीत आहे, पुढे मेडिकलला जायचंय, स्टॅनफर्डच्या एसआयएमआरचा अर्ज भरतेय, निबंध बघाल का? निबंध मी आनंदाने बघते. पण त्याआधी विचारते, मुलीच्या नावाचं ग्रीन कार्ड हातात आलंय का?

एसआयएमआर म्हणजे स्टॅनफर्डच्या मेडिकल स्कूलचा आठ आठवड्यांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम. कर्करोग, रोगप्रतिकारशक्ती, मेंदू, स्टेम सेल अशा विषयांच्या चालू लॅबमध्ये मुलं संशोधकांच्या हाताखाली काम करतात. अर्ज करताना मूल अकरावी-बारावीत हवं, कार्यक्रम सुरू होईपर्यंत १६ पूर्ण हवीत, राहणं आणि शाळा अमेरिकेतच हवी. हे सगळं आपल्या मुलांकडे असतं. अडतं ते पुढच्या अटीपाशी: अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड. एच-४ व्हिसावरची, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांची मुलं यात बसत नाहीत.

मागे फ्रीमाँटच्या एका घरी गेले होते. मुलीने फॉर्ममध्ये ‘परमनंट रेसिडेंट’वर, म्हणजे ग्रीन कार्ड असल्याची, खूण केली होती. मी विचारल्यावर आईने कपाटातून फाइल काढली आणि इमिग्रेशन खात्याकडून आलेला आय-७९७ चा कागद माझ्यापुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत ‘अप्रूव्हल नोटिस’. “हे बघा ना ताई, कधीच अप्रूव्ह झालंय आमचं.” मंजूर झाला होता तो आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवर वडिलांच्या कंपनीने भरलेला पहिला अर्ज. पोरीचे निबंध लिहून झाले होते, बाईंकडे शिफारसपत्रही मागून झालं होतं. ते सगळं समोर असताना तिला ‘नाही’ सांगणं फार जड गेलं.

म्हणून नीट समजून घ्या. आय-१४० मंजूर म्हणजे तुमचा रांगेतला नंबर पक्का झाला, एवढंच. आय-४८५ची पावती म्हणजे ग्रीन कार्डसाठी अर्ज केलाय. ईएडी म्हणजे कामाची परवानगी. यातलं काहीही ग्रीन कार्ड नाही. सोशल सिक्युरिटी नंबराबाबतही असाच घोळ होतो. टॅक्ससाठी मुलांचा काढलेला, ९ ने सुरू होणारा नंबर आयटीआयएन असतो, तो सोशल सिक्युरिटी नंबर म्हणून इथे चालत नाही. आणि ‘भरून तर बघू’ म्हणून चुकीची खूण करू नका. अशी खोटी नोंद पुढे इमिग्रेशनच्या फाइलमध्ये अडचण होऊन उभी राहू शकते.

मला हा नियम पटत नाही. दोन-तीन वर्षांची असताना आलेली, इथल्याच शाळेत वाढलेली मुलं, केवळ एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत या मर्यादेमुळे रांग सरकत नाही म्हणून लॅबच्या दाराबाहेर राहतात. यात त्यांचा काय दोष? पण नियम आज तरी हाच आहे.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांच्यासाठी: एसआयएमआरच्या अर्जाची मुदत साधारण फेब्रुवारीत संपते. शिफारसपत्र शिक्षकांनी स्वतः पाठवायचं असतं, म्हणून नाताळच्या सुट्टीआधीच विचारा. डॉक्टर काकांच्या पत्रापेक्षा ज्यांनी मुलाला वर्गात प्रयोग करताना पाहिलंय त्या विज्ञानशिक्षकांचं पत्र घ्या. राहण्याची सोय कार्यक्रमाकडून नसते. गुणपत्रक आणि अर्जाची फी हे नेहमीचंच, परवडत नसेल तर फीमाफी मागता येते.

मेरीलँडमधल्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमाचंही बरेच जण विचारतात. अट तीच, नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड. शिवाय १८ पूर्ण नसलेल्या शाळकरी मुलांचं घर कॅम्पसपासून ४० मैलांच्या आत लागतं. २०२५ साली तो कार्यक्रम रद्दच झाला होता, तेव्हा त्या एकावरच विसंबू नका.

आता एच-४वरच्या मुलांचं. ‘बिनपगारी आहे, चालतं’ असं कुणी म्हणालं तरी लॅबमध्ये पाठवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. दुसरी वाट स्वतःच्या प्रकल्पाची. रीजेनेरॉन सायन्स टॅलेंट सर्च ही विज्ञान प्रकल्पांची स्पर्धा अमेरिकेत राहून इथल्या शाळेत बारावीला असलेल्या मुलांना खुली आहे, नागरिकत्वाची अट नाही. तिचे अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, म्हणजे काम अकरावीच्या उन्हाळ्यातच व्हायला हवं. सगळ्यांना मोकळ्या असलेल्या जनुकीय डेटावर घरच्या लॅपटॉपवरही काम करता येतं. फ्रीमाँटच्या त्या मुलीने शेवटी तेच केलं. माणसांवर काही करायचं असेल, अगदी सोसायटीतल्या आजी-आजोबांचा रक्तदाब मोजायचा असेल, तरी आधी आयआरबीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीची मंजुरी लागते. मोजून झाल्यावर घेतलेली मंजुरी चालत नाही.